पाण्याची साक्ष

चालत्या इंजिनाला एकच एक तापमान नसतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० अंशांच्या आसपास तापलेला असतो, पिस्टनचा माथा अडीचशे-तीनशेला, हेडमधून वर येणारं पाणी ८५ला, आणि रेडिएटरच्या तळातून परत निघालेलं पाणी त्याहून बरंच निवलेलं. पहाटे गाडी नुकती सुरू केली असेल, तर सिलिंडरभोवतीचं पाणी तापू लागलेलं असतं आणि दोन हातांवरच्या रेडिएटरमधलं पाणी रात्रीचा गारवा धरून बसलेलं असतं. ‘इंजिन किती तापलंय?’ या प्रश्नाला ‘कुठे?’ हा शब्द जोडल्याशिवाय अर्थच येत नाही.

आमच्या ॲम्बेसेडरचा कार्ब्युरेटर उतरवून तिथे फ्युएल इंजेक्शन बसवायचं ठरलं, तेव्हा जो तो विचारायचा, पंप कुठला, इंजेक्टर कुठला, ईसीयू कुठला. कूलंटचा सेन्सर कुठे बसवणार, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्या सामानात तोच सर्वांत लहान आणि जवळजवळ सर्वांत स्वस्त. माझा सर्वांत जास्त वेळ मात्र त्यानेच घेतला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असं मला आजही वाटतं.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ॲम्बेसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्तान मोटर्सनं १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिचं उत्पादन सुरू केलं, ते २०१४पर्यंत चाललं. आमच्या गाडीत १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीज कुळातलं. हेच कूळ पुढे १७९८ सीसीपर्यंत वाढून एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीत गेलं. त्यामुळे एमजीबीवाल्यांनी पन्नास-साठ वर्षांत जमवलेलं ज्ञान आम्हा ॲम्बेसेडरवाल्यांच्याही कामी येतं. या हेडमध्ये चार सिलिंडरांना हवा घ्यायला दोनच वाटा आहेत. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एक. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर देणं अशा हेडवर फार किचकट होतं. म्हणून कार्ब्युरेटरच्याच जागी थ्रॉटल बॉडी आणि तिच्यात इंजेक्टर, असा साधा मार्ग मी घेतला.

मुळात हा उद्योग कशासाठी, असं विचारणारे मित्र आहेत. कारण आमच्याच शेतात उगवतं. उसापासून आणि धान्यापासून काढलेलं इथेनॉल आता देशभरच्या पेट्रोलमध्ये मिसळलं जातं आणि २०२५मध्ये त्याचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. कोल्हापूरच्या माणसाला याचा आनंदच व्हावा. पण एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जुन्या काळी शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटमधून हे मिश्रण गेलं की इंजिनाला ते पातळ लागतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. या दोन्ही गोष्टी गार इंजिनाला नेमक्या पहाटेच्या वेळी छळतात. जेट बदलून भागलं असतं, असं म्हणणारे चूक नाहीत. पण उद्या हे प्रमाण पुन्हा बदललं तर पुन्हा जेट बदलायचा, आणि उन्हाळ्यात करूळ घाट चढताना नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडायची ती अडायचीच. इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली सतत फिरत राहतं आणि जास्तीचं टाकीत परत जातं, त्यामुळे त्या वाफेला फारसा वाव उरत नाही.

आता त्या सेन्सरकडे. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, कारण जळते ती वाफ. मॅनिफोल्डच्या गार भिंतींवर पेट्रोलचे थेंब चिकटून राहतात, त्यातलं थोडंच वाफ होऊन सिलिंडरपर्यंत पोहोचतं. म्हणून जास्तीचं सोडावं लागतं आणि भिंती तापू लागल्या की ते कमी कमी करत न्यावं लागतं. कार्ब्युरेटरच्या काळात हे काम चोकच्या खुंटीवर ठेवलेल्या हाताचं होतं. आमच्या घरी तो हात आबांचा. आबांना अंश सेल्सियसशी काही देणंघेणं नव्हतं. पण मार्गशीर्षातली पहाट आणि श्रावणातली पहाट यांतला फरक त्यांच्या हाताला ठाऊक होता. गाडी रात्री गोठ्याशेजारच्या छपरात होती की उघड्यावर, हेही त्यात धरलेलं असे. खुंटी पूर्ण ओढून सुरू करायची, रंकाळ्याच्या कोपऱ्यावर निम्मी आत, आणि शहर सुटेपर्यंत पूर्ण आत. हे त्यांनी मला कधी शिकवलं नाही. शेजारच्या सीटवर बसून मी ते बघत आलो.

इंजेक्शन बसवलं की ही सगळी जाण ईसीयू नावाच्या एका ॲल्युमिनियमच्या पेटीकडे सोपवावी लागते. त्या पेटीला हात नाही आणि डोळे नाहीत. पाण्याबद्दल तिला जे कळतं ते एकाच साक्षीदाराच्या तोंडून, आणि तो साक्षीदार दोन तारांच्या टोकाला पितळेच्या टोपीत बसलेला असतो. तो जे सांगेल ते खरं धरून ती दर काही मिलिसेकंदांनी निर्णय घेते. म्हणून तो साक्षीदार कुठे उभा आहे आणि त्याला तिथून काय दिसतं, याला इतकं महत्त्व.

या टोपीच्या आत थर्मिस्टर असतो. धातू तापला की विजेला विरोध वाढवतो. काही पदार्थ मात्र तापले की विरोध कमी करतात. ही गोष्ट मायकेल फॅरडेनं १८३३मध्ये सिल्व्हर सल्फाइडवर काम करताना टिपून ठेवली होती. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तेलात बुडवलेल्या थर्मिस्टरचे आकडे टिपत ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना हा वक्र परिचयाचा असेल. सुरुवातीला विरोध धडाधड खाली येतो, मग उतार सौम्य होत जातो. फ्युएल इंजेक्शनच्या कामी हा गुण मोठ्या प्रमाणावर आला तो बॉशच्या डी-जेट्रॉनिकबरोबर, १९६७मध्ये, फोक्सवॅगन १६०० या गाडीत. त्या इंजिनात पाणीच नव्हतं, ते हवेनं थंड होणारं होतं. म्हणून इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर थेट हेडच्या धातूत बसवला होता. पाणी हा मधला निरोप्या आहे, हे तिथे स्वच्छ दिसतं. आपल्याला जाणून घ्यायचं असतं ते धातूचं तापमान. पाणी ते आपल्यापर्यंत आणून देतं, इतकंच.

मी घेतलेला सेन्सर बॉशच्या जातीचा: २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८०ला सुमारे ३२०, १००ला १८६. ईसीयूच्या आत २४९० ओहमचा एक रोध असतो आणि त्यातून ५ व्होल्ट या सेन्सरवर सोडलेले असतात. २० अंशांना दोन्ही रोध जवळजवळ सारखे, म्हणून मधल्या जागी अडीच व्होल्ट मिळतात. इथपर्यंत सगळं ऐसपैस आहे. पण ८०ला तिथे सुमारे ०.५७ व्होल्ट असतात आणि १००ला ०.३५. म्हणजे इंजिनाच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा, सुखरूप तापलेलं आणि उकळू लागलेलं यांमधला, पाव व्होल्टाहूनही कमी जागेत मावलेला आहे. आता सेन्सरची परतीची तार ईसीयूकडे न नेता जवळच्या एखाद्या बोल्टला, म्हणजे बॉडी अर्थला, बांधली आणि जुन्या गंजलेल्या सांध्यांमुळे तिथे एक दशांश व्होल्टाचा फरक पडला, तर १०० अंशांचं पाणी पेटीला ९० अंशांचं भासेल. गाडी वाफ सोडत असेल आणि पेटी निश्चिंत असेल. म्हणून या सेन्सरला दोन तारा, आणि दोन्ही थेट ईसीयूपर्यंत. वायरिंगबद्दल याहून अधिक सांगण्यासारखं नाही. ते नीटनेटकं असावं, उष्णतेपासून दूर असावं, कनेक्टर पाणी न शिरणारा असावा.

भोकाची गोष्ट मात्र मोठी आहे.

बी-सीरीजच्या हेडला पुढच्या अंगाला, थर्मोस्टॅटच्या खाली, तापमानाच्या काट्यासाठी एक भोक कारखान्यातूनच असतं. त्याचे आटे पाच अष्टमांश इंच यूएनएफ, इंचाला १८. माझा सेन्सर जर्मन, त्याचे आटे १२ मिलिमीटर, पिच दीड. या दोघांची गाठ घालून द्यायला पितळेचा अडॅप्टर करून घ्यावा लागणार होता. शिवाजी उद्यमनगरात एक वयस्क टर्नर आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्यासमोर मी सेन्सर आणि जुना काट्याचा सेंडर ठेवला. त्यांनी व्हर्नियर लावला, पत्र्यावर खडूनं आकृती काढली आणि थोडा वेळ नुसतेच बघत राहिले.

“सर, भिंत किती उरतीया बघा ह्यात.”

मी हिशोब करून आलो होतो. बाहेरच्या आट्यांच्या तळापासून आतल्या आट्यांपर्यंत जेमतेम एक मिलिमीटर.

“पितळ हाय, टिकंल. पण पाना लावून रेटायचं न्हाई. हातानं बसवायचं, मग पाव फेरा.”

एक मिलिमीटरची भिंत टाळायची सोपी युक्ती आहे. अडॅप्टर उंच करायचा. आतले आटे हेडच्या बाहेर राहिलेल्या जाड भागात पाडायचे आणि खालचा भाग नुसता पोकळ ठेवायचा. विकत मिळणारे बरेच अडॅप्टर असेच असतात. मजबूत असतात, दिसायला देखणे असतात आणि सेन्सरचं टोक पाण्यापासून दूर नेऊन ठेवतात. टोक मग एका अरुंद पितळी विहिरीत बसतं. तिथलं पाणी वाहत नाही. हेडमधलं पाणी तापलं तरी विहिरीतलं मागून, रमतगमत तापतं, आणि बाहेरच्या पंख्याचा वारा त्या उंच पितळेला लागून ते निववत राहतो. मी हे समजावून सांगायला तोंड उघडलं, तोच तात्यांनी खडूच्या आकृतीवर बोट ठेवलं. “टोक धारंत पायजे न्हवं? मग आटं आतच पाडू.” गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. पण आयुष्यभर त्यांनी पाण्यानं थंड होणाऱ्या ऑइल इंजिनांची कामं केली होती. विहिरीवरच्या त्या इंजिनांपाशी उभा राहणारा शेतकरी हेडमधून पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली हात धरून इंजिनाची तब्येत बघायचा. टाकीत साठलेल्या पाण्यात हात घालून ती कळत नाही, हे तात्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांच्या जुन्या लेथचा लीड-स्क्रू इंची. अठराचे आटे त्यावर गिअर बदलून सुखानं निघाले. आतले बाराचे टॅपनं पाडले. टोक भोकाच्या पार जाऊन हेडमधल्या वाहत्या पाण्यात चांगलं बोटाच्या पेराएवढं पोहोचलं. खाली तांब्याचा वॉशर. हे सगळं एका दुपारचं काम होतं, पण त्या पितळेच्या तुकड्यातली कारागिरी मी अजून कुणाला दाखवतो तेव्हा मला अभिमान वाटतो.

एक अडचण उरली. कारखान्याचं एकुलतं एक भोक ईसीयूच्या सेन्सरनं घेतलं, मग डॅशबोर्डवरच्या काट्याचं काय? एकाच सेन्सरवरून दोघांनाही चालवावं, असा मोह अनेकांना होतो. ते जमत नाही. काटा आपला स्वतःचा प्रवाह त्या थर्मिस्टरमधून सोडतो, ईसीयू आपला सोडते, आणि दोघांनाही चुकीचं उत्तर मिळतं. दुसरी जागा शोधायला हवी. हीटर नसलेल्या गाड्यांत हेडच्या मागच्या टोकाला हीटरची वाट पट्टी लावून बंद केलेली असते. जागा हाताशी, भोक पाडायला सोपी. पण हीटर नाही म्हणजे तिथून पाणी वाहतच नाही. मी ती सोडून दिली. थर्मोस्टॅटच्या घराखाली बसणारी एक जाड ॲल्युमिनियमची पट्टी करून घेतली, तिच्या कडेला आटे पाडले आणि काट्याचा सेंडर तिथे लावला. त्यासाठी घराचे स्टड लांब घ्यावे लागले. हा सेंडर एकतारी असतो, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं, म्हणून त्याच्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळली नाही.

चांगली जागा पेटीला आणि दुय्यम जागा माणसाला, हे उलट व्हायला नको का, असं एकानं मला विचारलं. मला तसं वाटत नाही. काटा दोन घरं इकडेतिकडे झाला तर माणूस वास घेतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, आठवतो की काल याच चढावर काटा इथेच होता. माणसाला शंका घेता येते. पेटीला ती घेता येत नाही. तार तुटली तर विरोध अमर्याद झाला म्हणून ती इंजिन उणे ४० अंशांवर आहे असं समजते आणि, बिघाड ओळखायची वेगळी सोय तिच्यात नसेल तर, कोल्हापूरच्या वैशाखात सायबेरियाइतकं पेट्रोल ओतत राहते. जो शंका घेऊ शकत नाही त्याला सर्वांत विश्वासू साक्षीदार द्यावा.

दोन्ही सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला हवेत, हे माझ्या मते या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य. वरच्या होजमध्ये नळीचा तुकडा घालून सेन्सर बसवणं सोपं असतं, हेडला हातही लावावा लागत नाही. पण थर्मोस्टॅट बंद असेपर्यंत त्या होजमध्ये कालचंच गार पाणी असतं. इंजिन ३०वरून ८०वर पोहोचतं आणि होजमधला सेन्सर तोवर २५च सांगत राहतो. पेटी त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल ओतत राहते. मग थर्मोस्टॅट उघडतो आणि तापमान एका झटक्यात वर जातं. इंजिनाच्या तापण्याची सगळी कहाणी, जिच्यासाठी हा सेन्सर आहे, तीच त्याला दिसलेली नसते.

पण हे सगळं थर्मोस्टॅट असेल तर. मी घर उघडलं तेव्हा आत थर्मोस्टॅट नव्हताच. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत तो सहसा नसतो. गॅरेजमध्ये त्याला ‘व्हॉल्व्ह’ म्हणतात, आणि ‘व्हॉल्व्ह काढून टाका, गाडी गरम होणार नाही’ हा सल्ला माझ्या लहानपणापासून मी ऐकत आलो आहे. हा सल्ला देणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. बोअरच्या क्षारांनी गच्च झालेले रेडिएटर, अर्धवट उघडून अडकलेले थर्मोस्टॅट, मे महिन्यातला पुणे-बंगळूर रस्ता, आणि लग्नाला निघालेली सात माणसं. अशा वेळी तो काढून टाकणाऱ्या मिस्त्रींनी किती कुटुंबांना मुहूर्तावर पोचवलं असेल. कार्ब्युरेटरला त्यानं फारसा फरकही पडत नव्हता. चोक एकदा आत गेला की आत. पाणी पुढे ५५ला राहो की ८५ला, जेटमधून तेवढंच पेट्रोल येणार.

इंजेक्शनला फरक पडतो. मी घेतलेली पेटी मेगास्क्वर्ट कुळातली, अमेरिकेतल्या ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी हौशी लोकांना स्वतः जोडता यावी म्हणून तयार केलेली. तिच्यात तापमानानुसार जास्तीचं पेट्रोल किती द्यायचं याचा एक तक्ता असतो, दहा घरांचा, उणे ४० फॅरनहाइटपासून १६० फॅरनहाइटपर्यंत. १६० म्हणजे आपले ७१ अंश सेल्सियस. तिथे आकडा १०० टक्के, म्हणजे जास्तीचं काही नाही. आता व्हॉल्व्ह काढलेली गाडी हिवाळ्यात हायवेला लागली, गार वारा रेडिएटरवर आदळत असला, की पाणी साठीतच रेंगाळतं. पेटीच्या दृष्टीनं इंजिन अजून तापायचंच आहे. कोल्हापूरहून निघालेली गाडी साताऱ्यापर्यंत ‘चोक ओढलेली’ राहते. प्लग काजळीनं काळे होतात, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि मालक म्हणतो, इंजेक्शन बसवलं आणि ॲव्हरेज घसरलं. यात सेन्सरचा दोष नाही. त्यानं खरं तेच सांगितलं.

म्हणून आधी रेडिएटर साफ करून घेतला, पाण्याच्या जागी कूलंट भरलं, आणि ८२ अंशांचा थर्मोस्टॅट त्याच्या हक्काच्या जागी बसवला. आत मेणाची गोळी असते. मेण वितळताना फुगतं आणि दांडी रेटून झडप उघडतं. वीज नाही, तार नाही. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक ठेवलं, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून. कारण सेन्सरच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला तर तो हवेचं तापमान सांगतो, आणि हवा पाण्याइतक्या तत्परतेनं उष्णता पोचवत नाही. यातूनच एक धोका येतो, तो प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं लक्षात ठेवावा. होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी कधी कधी खाली येतो. इंजिन जळत असताना काटा शांत. चढावर काटा अचानक खाली आला तर आनंदू नये, गाडी बाजूला घ्यावी.

सेन्सरच्या छापील आकड्यांवर विश्वास ठेवायचा की स्वतः पडताळायचं? मी पडताळलं, आणि सगळ्यांनी पडताळावं. स्वयंपाकघर पुरेसं असतं. बर्फ आणि पाणी एकत्र कालवलं की शून्य अंश मिळतात. दुसरा आकडा माठातल्या पाण्याचा, चांगल्या थर्मामीटरनं मोजून. तिसरा उकळत्या पाण्याचा, फक्त आमच्याकडे पाणी १०० अंशांना उकळत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, तिथे ते ९८ला उकळतं. महाबळेश्वरला तर पंचाण्णव-शहाण्णवलाच. या तीन आकड्यांवरून सगळा वक्र काढणारं सूत्र जॉन स्टाइनहार्ट आणि स्टॅनली हार्ट यांनी १९६८मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांचा विषय मोटारी नव्हता, समुद्राचं तापमान होता. खोल पाण्यात सोडलेल्या थर्मिस्टरचं बोलणं नेमकं समजावं म्हणून केलेलं ते गणित आज माझ्या बॉनेटखाली चालतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि मग तक्ता भरायला घेतला. दहा घरांतली पहिली तीन-चार आपल्या हवामानात कधी वापरातच येत नाहीत. ती बर्फाच्या देशांसाठी. आपलं सगळं काम १० अंशांपासून ७१पर्यंतच्या घरांत. यात घाई चालत नाही, कारण गार इंजिन प्रत्येक तापमानातून दिवसाला एकदाच जातं. ३० अंशांना मिश्रण पातळ वाटलं, म्हणून आकडा बदलला, तोवर पाणी ३५वर गेलेलं असतं. तो बदल बरोबर होता की नाही हे कळायला दुसऱ्या दिवशीची पहाट लागते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर होता, लॅपटॉपवर आकडे दिसत होते, तरी मी सुरुवात आबांच्या खुंटीपासूनच केली. रंकाळ्याच्या कोपऱ्यावर पाणी किती, हे टिपलं. शहर सुटताना किती, हे टिपलं. पहिल्या ठिकाणी जास्तीचं पेट्रोल निम्मं केलं, दुसऱ्या ठिकाणी शून्यावर आणलं आणि मधल्या घरांतून सरळ रेषा ओढली. नंतर ऑक्सिजन सेन्सरनं त्यात दुरुस्त्या सुचवल्या, इथेनॉलमुळे खालच्या घरांतले आकडे बरेच वाढवावेही लागले. पण रेषेचा उतार फारसा हलला नाही. ज्या माणसाला अंश कधी सांगता आले नसते त्यानं ते अनेक वर्षं अचूक पाळले होते, आणि ते आता त्या तक्त्यात आहेत.

हेडमध्ये सेन्सर असण्याचा आणखी एक फायदा घाटावर कळला. करूळ घाट चढून गगनबावड्याला आलो, गाडी बंद करून चहा घेतला. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, पण हेडच्या धातूतली उष्णता त्या थांबलेल्या पाण्यात उतरत राहते. काही मिनिटांत तापमान चालत्या गाडीपेक्षाही वर जातं. पुन्हा स्टार्टर मारताना पेटीला ते खरं खरं कळलं, म्हणून तिनं हात आखडता घेतला आणि गाडी एका फेऱ्यात सुरू झाली. होजमधल्या सेन्सरनं तोवर निवत आलेलं पाणी दाखवलं असतं.

या सगळ्यात हेडला एकही नवं भोक पाडलं नाही, यावर मी अडून राहिलो. कारण भावनेचं आहे तसं व्यवहाराचंही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. पुढे कुणाला ही गाडी तशी नोंदवावीशी वाटली, तर थ्रॉटल बॉडी उतरवायची, पितळेचा अडॅप्टर सोडवायचा, जुना सेंडर त्याच भोकात त्याच आट्यांवर बसवायचा. कार्ब्युरेटर, चोकची केबल आणि जुने स्टड मी तेल लावून, नावं लिहून ठेवले आहेत. ओतीव लोखंडात ड्रिल घालणं हा एकतर्फी निर्णय असतो, आणि जे इंजिन आपल्या आधी दुसऱ्यांचं होतं आणि आपल्यानंतरही दुसऱ्यांचं होणार आहे, त्याच्याबाबतीत तो घेण्याचा अधिकार मला वाटतं आपल्याला नाही.

मध्यंतरी एक तरुण माझा अडॅप्टर पाहून तात्यांकडे आला. त्याची गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. त्याला अगदी असाच तुकडा हवा होता. तात्यांनी त्याचा जुना सेंडर हातात घेऊन आट्यांवर मापाची पट्टी ठेवली. फियाटचं कूळ, इटलीचं. इंची आटे तिथे चालणार नव्हते, सगळं माप नव्यानं घ्यावं लागणार होतं. मी त्याला टोक किती आत जायला हवं ते सांगू लागलो, तोच तात्यांनी मान वर केली.

“व्हॉल्व्ह हाय का आत?”

त्याला माहीत नव्हतं.

“मग पयलं घर उघडून बघा. नसला तर बसवून घ्या. तोवर मी पितळ आणून ठेवतो.”